वेळापत्रकातला शेजार

जून-जुलैत महाराष्ट्रातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या सूचनाफलकापुढे थांबा, ओपन इलेक्टिव्हची (ओईची) यादी लागलेली असते. आर्थिक साक्षरता, संगीताची ओळख, रोजच्या जगण्यातलं रसायनशास्त्र, मोडी लिपी, आकाशदर्शन, पर्यटन. कॉमर्सच्या मुलीने आपल्या शाखेबाहेरचं काही उचलायचं, सायन्सच्या मुलाने सायन्सबाहेरचं. एप्रिल 2023च्या शासन निर्णयाने पदवीचा जो आराखडा घालून दिला, त्यात एका सत्राची 20 ते 22 क्रेडिट मेजर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस अशा खणांत वाटलेली आहेत. बऱ्याच खणांच्या वाट्याला जेमतेम दोन क्रेडिट येतात. दोन क्रेडिट म्हणजे तीस तासिका. त्यातून अंतर्गत मूल्यमापन, गणपती, दिवाळी आणि युवक महोत्सव वजा करा.

तरी ही यादी वाचताना मला बरं वाटतं. दहावीनंतर एकदा शाखा ठरली की बाकीच्या विद्यांशी काडीमोड, हा आपला जुना रिवाज होता आणि त्याने पिढ्यान्‌पिढ्यांचं नुकसान केलं. माझी शंका वेगळी आहे. हे सगळे विषय एका सत्रात शेजारीशेजारी येतात ते कशामुळे? त्यांचं एकमेकांशी काही नातं आहे, की सोमवारी तिसरी तासिका मोकळी होती म्हणून?

मध्ययुगीन युरोपातल्या विद्यापीठांत निवडीला वाव नव्हता. व्याकरण, तर्क, वक्तृत्व या तीन विद्या आधी. मग अंकगणित, भूमिती, संगीत, ज्योतिष या चार. आज आपल्याला गणिताच्या पंगतीत बसलेलं संगीत चमत्कारिक वाटतं. पण तंबोऱ्याची तार निम्म्यावर दाबली की वरचा सा लागतो आणि दोन तृतीयांश लांबी ठेवली की पंचम लागतो, हे ज्याने कानाने ऐकलं आहे त्याला त्यात वावगं काही दिसणार नाही. अंकगणितात संख्या नुसती होती, भूमितीत ती जागेत उतरली, संगीतात काळात आणि ज्योतिषात जागा-काळ दोन्हींत. अभ्यासक्रम कडक होता, बायकांना आणि बहुतेक पुरुषांनाही त्याचं दार बंद होतं, हे सगळं खरंच. पण कुठला विषय कशाच्या शेजारी आणि का, याला तिथे उत्तर होतं.

ही चौकट मोडून निवडीचं राज्य आणण्याचं श्रेय मुख्यतः हार्वर्डच्या चार्ल्स एलियटना जातं. 1869 ते 1909 अशी चाळीस वर्षं ते तिथे अध्यक्ष होते. शतक सरता सरता तिथे इंग्रजी लेखनाखेरीज सक्तीचं फारसं काही उरलं नव्हतं. परिणाम काय झाला असेल हे आपल्याकडच्या कुठल्याही प्राध्यापकाला न सांगता कळेल: पुष्कळ मुलं सोपे, प्राथमिक वर्ग वेचून पदवीधर झाली. एलियटनंतर आलेल्या लॉवेल यांनी मग लगाम घातला. काही वर्ग एकाच क्षेत्रात, उरलेले निरनिराळ्या क्षेत्रांत पसरून. आपलं मेजर-मायनर-ओई हे त्याच घराण्यातलं.

या लॉवेलच्या हार्वर्डमध्ये गोव्यात जन्मलेला एक मुलगा, दामोदर कोसंबी, 1924 साली दाखल झाला. वडील धर्मानंद कोसंबी तिथे विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी जात असत. दामोदरने गणित एकाग्रपणे करावं अशी तिथल्या जॉर्ज बर्कहॉफ या मोठ्या गणितज्ञाची इच्छा होती. कोसंबींनी ते मनावर घेतलं नाही; नाना विषयांचे वर्ग केले, सगळ्यांत चमकले आणि 1929 मध्ये सर्वोच्च श्रेणीत बी.ए. झाले. (गंमत म्हणजे स्वतः बर्कहॉफनी पुढे चित्र, संगीत, काव्य यांच्या सौंदर्याचं गणित मांडणारं पुस्तक लिहिलं, 1933 साली.)

पण कोसंबींची खरी सांधेजोड वर्गात झालेली नाही. ती झाली पुष्कळ पुढे, पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असताना, एका तराजूपाशी. आहत नाणी म्हणजे चांदीच्या पत्र्याचे तुकडे, ठरल्या वजनाचे, त्यांवर ठोकलेली चिन्हं. राजाचं नाव नाही, साल नाही. कोसंबींनी विचार केला, की नाणं हातोहात फिरताना झिजतं. एका नाण्यावरून काही कळणार नाही, कुणी जास्त वापरलं, कुणी पुरून ठेवलं. पण एकाच चिन्हसमूहाची पुष्कळ नाणी घेतली तर जो गट जास्त काळ चलनात होता त्याचं सरासरी वजन कमी भरणार आणि वजनांतली तफावत वाढलेली असणार. तक्षशिलेच्या निधींतली नाणी त्यांनी एकेक करून तोलली. झिजेचा नियम खरा आहे का हे पाहायला त्या काळच्या चालू चलनातलीही नाणी तोलली. अशा हिशेबाने नाण्यांचे गट काळाच्या क्रमाने लावता येऊ लागले. संख्याशास्त्र आणि प्राचीन इतिहास हे दोन पेपर इथे एका प्रश्नाने एकत्र आणले. दोन्ही विषय ‘घेतले’ होते एवढ्याने ते झालं नसतं. नाणी तोलण्याचं कंटाळवाणं काम करावं लागलं. कोसंबींनी केलेल्या भर्तृहरीच्या काव्याच्या संपादनातही तेच. शेकडो हस्तलिखितं धुंडाळण्याला दोन क्रेडिट पुरत नाहीत.

या व्यापाची किंमतही पडते, हे लपवू नये. 1959 मध्ये कोसंबींनी गणितातल्या रीमानच्या गृहीतकाची सिद्धता म्हणून जे छापलं, ते कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात होतं आणि ते टिकलं नाही. बर्कहॉफचा सल्ला मूर्खपणाचा नव्हता.

आता पुन्हा आपल्या यादीकडे. ती कशी बनते? पुष्कळदा वर्कलोडवरून. कुणा विभागाचे तास कमी भरतात, मग त्या विभागाने ओई द्यायचा. भरती नाही म्हणून तो सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या, माणसाने शिकवायचा. सव्वाशे मुलं, बहुपर्यायी प्रश्न, पन्नास गुण. मुलंही हुशार असतात. मोडी शिकावी असं वाटणारी मुलगी शेवटी ‘मार्क सुटतात’ त्या वर्गात जाऊन बसते, कारण सीजीपीएला सगळी क्रेडिट सारखीच. तिला दोष देण्यात अर्थ नाही. एलियटच्या विद्यार्थ्यांनी याहून वेगळं केलं नव्हतं, आणि त्यांना लोकल पकडायची नव्हती.

मला विचाराल तर खण कमी करावेत आणि उरलेले खोल करावेत. ओईची क्रेडिट दर सत्रात नव्या विषयावर उधळण्याऐवजी तीनचार सत्रं एकाच विषयावर लावता आली पाहिजेत. म्हणजे कॉमर्सची मुलगी पहिल्या सत्रात मोडीची बाराखडी गिरवेल, दुसऱ्यात दप्तरातली पत्रं वाचेल, तिसऱ्यात पेशवाईतल्या एखाद्या सावकाराची जमाखर्चाची वही उघडेल. तिथे तिला अकाउंटन्सी येत असल्याचा उपयोग होईल, आणि जो प्रश्न इतिहासाच्या मुलाला सुचणार नाही तो तिला सुचेल: या वहीत व्याज नेमकं कुठल्या बाजूला मांडलंय?