उन्हातलं पुण्य

नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या मोटारीत बसणं आणि थालीपिठाने तव्यावर पडणं यांत फरक एवढाच, की थालीपिठाखाली निदान तेलाचं बोट फिरवलेलं असतं. दार उघडलं की आतून जो भपकारा येतो तो तोंडावर घेऊन आपण एक पाऊल मागे सरतो, आणि मग कोणीतरी बघतंय असं वाटून पुन्हा पुढे होतो. पट्ट्याचं बक्कल दंडाला लागलं की ज्या भाषेत उद्गार निघतो ती आपली खरी मातृभाषा समजावी.

म्हणूनच फ्लॅट घेताना हिने स्वयंपाकघराचा ओटा पाहिला आणि मी कडुनिंब पाहिला. आवारात तो एकच. त्याच्या बरोबर खाली पांढऱ्या रंगात चारचा आकडा रंगवलेला, आणि ती चार नंबरची जागा आमच्या वाट्याची. मी खूश होतो. आकडा सोसायटीचा, सावली झाडाची आणि गाडी माझी, असा त्रिवेणी संगमच तो.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती राहिली तर बरं असं मला बरेच दिवस वाटत होतं. आम्ही येण्याआधी त्या चार नंबरवर वॉचमन काकांची खुर्ची असायची. काका साठीचे. आमची गाडी आली तशी खुर्ची उठली आणि फाटकाजवळच्या पत्र्याच्या केबिनमध्ये गेली. कोणी त्यांना ऊठ म्हटलं नाही. गाडीला ओरखडा उठला तर आपल्यावर नाव नको, म्हणून ते आपणहून उठले. आपणहून उठलेल्या माणसाचा एक फायदा असतो, त्याला आपण उठवलेलं नसतं.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी तीनच्या सुमारास काका त्या केबिनमध्ये पडले. ऊन लागलं होतं. दोन दिवस इस्पितळात सलाईनवर होते. मी डाळिंबं घेऊन भेटायला गेलो आणि वडीलकीच्या सुरात म्हणालो, "काका, असं उन्हात बसू नये हो." ते म्हणाले, "हो साहेब." झाडाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. त्यानंतर उरलेला सगळा मे गाडी सावलीतच उभी होती. गाडीची तब्येत उत्तम राहिली.

यंदा बंगळूरहून चिरंजीवांनी सौर पंखा पाठवला. गाडीच्या दाराची काच दोन बोटं खाली करायची, त्या फटीत हे यंत्र अडकवायचं, उरलेली फट सोबतच्या रबरी पट्टीने बुजवायची आणि काच वर घ्यायची. बाहेरच्या अंगाला हाताच्या पंजाएवढी काळी सौर पट्टी, आतल्या अंगाला पंखा. आतली तापलेली हवा बाहेर फेकायची एवढंच त्याचं काम. पेट्रोल नाही, बॅटरी नाही. ज्याने तापवलं त्याच्याच खर्चाने निववायचं, ही कल्पना मला फार आवडली. चोराकडूनच कुलपाचे पैसे वसूल करण्यासारखी!

पहिल्या दिवशी झाडाखाली पंखा लावला. पंखा ढिम्म. मग लक्षात आलं, की ह्याला चालायला ऊन लागतं. सावलीत पंखा चालत नाही आणि सावलीत पंख्याची गरजही नाही. तेव्हा पंखा वापरायचा तर गाडी उन्हात नेणं आलं. मी ती पाण्याच्या टाकीजवळच्या उघड्या जागेवर नेली. पंखा भुर्रकन फिरू लागला आणि मी अपत्यप्रेमाने त्याच्याकडे बघत उभा राहिलो. दुपारी गॅलरीतून पाहिलं तर चार नंबरवर काकांची खुर्ची. खुर्चीत काका.

संध्याकाळी ते म्हणाले, "साहेब, गाडी उन्हात कायले लावून राह्यले?" सौरऊर्जेवर मी तोंड उघडणार, एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यावरून म्हणाल्या, "काकांसाठी सावली सोडलीत ना? पाहिलं मी. आमच्या ह्यांना म्हटलं, शिका काहीतरी!"

मी हसलो. हसणं म्हणजे 'हो' नव्हे. पण 'नाही'ही नव्हे. पुढच्या रविवारी सोसायटीच्या सभेत माझ्या अभिनंदनाचा ठराव झाला. तो वृत्तांतात आहे. अनुमोदन देणाऱ्याने 'माणुसकी' हा शब्द दोनदा वापरला.

इकडे पंख्याचं मात्र काही खरं नव्हतं. गाडी पूर्वीइतकीच तापत होती. शेवटी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. भर दुपारचं ऊन दर चौरस मीटरवर साधारण हजार वॅट ओततं. पंजाएवढ्या पट्टीवर त्यातले दहा पडणार. त्यांची वीज होता होता दोन उरल्या तर पुष्कळ. पण तेवढ्या तरी कुठल्या? मेच्या अखेरीस नागपूरला दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो, आपली सावली आपल्याच पायाखाली गोळा होते. आणि माझी पट्टी दारावर उभी! तिच्या अंगावरून ऊन नुसतं घसरून जायचं. सकाळी नऊला पंखा झकास फिरे, आणि ज्या वेळी गरज त्या भर दुपारी तो खऱ्या नागपूरकरासारखा वामकुक्षी घेई. शिवाय तो शेवटी बाहेरचीच हवा आत आणणार. बाहेर पंचेचाळीस असेल तर पंख्याने जीव टाकला तरी आत चव्वेचाळीस होणार नाही.

कल्पनेला मात्र नावं ठेवता येत नाहीत. रॉबर्ट वुड नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९०९ साली दोन पेट्या घेतल्या. एकीला काचेचं झाकण, दुसरीला सैंधवाचं. काच आतली उष्णता बाहेर सोडत नाही, सैंधव सोडतं. तरी दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. म्हणजे दोष मुख्यतः काचेचा नाही, हवा कोंडली जाण्याचा आहे. ती खेळती ठेवली तर फरक पडायलाच हवा. टोयोटाने २००९ साली प्रियस गाडीच्या छतावर सौर पट्ट्या घेण्याची सोय दिली होती, उभ्या गाडीतला पंखा चालवायला. छतावर, आडव्या! दोन बोटांच्या फटीतून हे होत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या संशोधकांनी २०१८ साली मोजमापं प्रसिद्ध केली. तासभर उन्हात उभ्या गाडीत सरासरी ४७ अंश, सुकाणूचं चाक ५३, समोरची पाटी ६९. आणि सावलीतल्या गाडीत? ३८. नऊ अंशांचा फरक, आणि तोही फुकट. तो फरक सध्या काका भोगत होते.

गाडी परत झाडाखाली न्यायला कायद्याने हरकत नव्हती. पण अभिनंदनाचा ठराव परत कसा करायचा? आणि त्याहून अवघड म्हणजे, तो ठराव माझा होता का? मी तर पंख्यासाठी गाडी हलवली. सावली माझ्या हातून सांडली, ती काकांच्या अंगावर पडली. सांडलेल्याला दान म्हणायचं का?

कांटसाहेबांनी १७८५ सालच्या आपल्या पुस्तकात एक दुकानदार आणला आहे. तो पोरासोरांनाही चढा भाव लावत नाही. का? गिऱ्हाईक टिकावं म्हणून. कांट म्हणतात, वागणं बरोबर, पण नैतिक किंमत काही नाही. त्या हिशेबाने माझ्या खात्यावर शून्य. अर्थात कांटसाहेबांचा जवळजवळ सारा जन्म क्योनिग्सबर्ग नावाच्या थंड गावात गेला. तिथे सावली हा वादाचा विषय कधी झाला नसेल.

आपल्याकडे कारभार जास्त उदार. शिवलीलामृतातला व्याध बेलाच्या झाडावर चढला तो हरिणं मारायला. पानं तोडून टाकली ती नेम धरता यावा म्हणून. खाली पिंड होती याचा त्याला पत्ताही नव्हता. शिकार नाही म्हणून उपास घडला, झोप नाही म्हणून जागरण घडलं, आणि सगळं शिवरात्रीच्या खात्यात जमा! मी हे उत्साहाने हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, पण त्याने शेवटी हरिणं सोडून दिली होती ना? तो भाग का गाळलात?"

मी गाळला नव्हता. माझ्या लक्षात राहिला नव्हता.

तेव्हापासून गाडी टाकीजवळच आहे. सीटवर टर्किश टॉवेल असतो. का आहे, हे मी स्वतःला विचारलं तर उत्तर वेळेवर बदलतं. सकाळी वाटतं काकांसाठी, दुपारी वाटतं वहिनींसाठी. आणि लोकांना मी सांगतो की पंखा चांगला चालतो.

परवा दुपारी दोनला बँकेत जायला निघालो. काका खुर्चीतून अर्धवट उठले.

"साहेब, तुमचा पंखा तं चार दिवसांपासून फिरूनच नाही राह्यला. सकाळीबी नाही."

"हो का?"

"मी कोणाले नाही सांगतलं." मग खुर्चीच्या पाठीला हात लावून म्हणाले, "गाडी इकडं घ्याची असंन तं घ्या. मी खुर्ची उचलतो."

खुर्ची एका हाताने जमिनीवरून उचललीसुद्धा होती त्यांनी. मागे केबिनचा पत्रा असा चकाकत होता की तिकडे बघवत नव्हतं.

"बसा हो काका," मी म्हटलं. "पंख्याची वायर ढिली झाली असेल. उद्या दुरुस्त करून आणतो."

ते बसले. मी टॉवेल सारखा केला आणि दोन बोटांनी सुकाणू धरून गाडी बाहेर काढली.