विलंब कोणाच्या माथीं?

वन्य पशूंच्या रक्षणाच्या योजनांस सरकारी मंजुरी सत्वर मिळावी, अशी मागणी वारंवार ऐकूं येते. विलंब हा नेहमींच दोष होय काय, याचा निर्णय करण्यास बुलढाणा जिल्ह्यांतील एक हकीकत उपयोगी पडेल.

२०१९ सालीं यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांतून एक तरुण वाघ बाहेर पडला. गळ्यांत रेडिओ-पट्टा असल्यानें त्याचा मार्ग कळत होता. शेतें, नाले व सडका ओलांडीत, मध्यें तेलंगणाच्या हद्दींत जाऊन, ५ महिन्यांत सुमारें १३०० किलोमीटर चालून तो वर्षअखेरीस ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. २०५ चौरस किलोमीटरांच्या त्या वनांत तेव्हां दुसरा वाघ नव्हता. तेथें वाघीण आणून सोडावी कीं काय, हा प्रश्न वनखात्यापुढें उभा राहिला.

वाघाच्या बाजूनें पाहिलें, तर वनांतील त्याचें आयुष्य १०-१५ वर्षांचें; दप्तरांत गेलेलीं दोन वर्षें म्हणजे त्याचें तारुण्यच. उलटपक्षीं, वाघीण आली कीं बछडे आले, आणि त्या लहानशा वनाला लागूनच गांवें, गुरें व गुराखी आहेत. त्यांना न विचारतां घाईनें दिलेली मंजुरी म्हणजे दुसऱ्याच्या गोठ्यांतून केलेलें दान होय.

घाईचें मोल गांवकरी देतो, दिरंगाईचें मोल पशु देतो; ज्याच्या सहीनें दोन्ही घडतात, त्याला मात्र दोहोंची झळ लागत नाहीं. न्यायाचा खरा पेंच येथें आहे.

मग विलंबाची कसोटी कोणती? आमच्या मतें काळाचे दोन प्रकार करावे. भक्ष्य किती, पाणी कोठें, दुसऱ्या वनाकडे जाण्याची वाट शाबूत आहे कीं नाहीं, हें पाहण्यांत आणि गांवकऱ्यांचें म्हणणें ऐकण्यांत गेलेला काळ हा विचाराचा काळ. त्यांतील एक दिवसही कापूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत २०२२ सालीं दुरुस्ती झाली, तींत वनहक्क कायदा लागू असलेल्या अभयारण्यांच्या आराखड्यासाठीं ग्रामसभेशीं विचारविनिमय आवश्यक ठरविला, तो याच न्यायानें. परंतु एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यांत, किंवा नुसतें पडून राहण्यांत गेलेला काळ हा कोणाच्याच हिताचा नव्हे. तो चोरलेला काळ होय.

म्हणून प्रत्येक मंजुरीसोबत दिवसांचा हिशेब प्रसिद्ध व्हावा: कोणत्या दिवशीं कोणाचें ऐकलें, आणि किती दिवस कोणाचेंच ऐकलें नाहीं. ज्याला अर्ज करतां येत नाहीं कीं दाद मागतां येत नाहीं, अशा प्राण्याच्या वतीनें एवढी मागणी करणें हें आपलें किमान कर्तव्य आहे.