देणारा कोण, हे आधी पाहा



गेल्या वर्षावासात मालवण तालुक्यातील आमच्या बौद्धवाडीच्या विहार कमिटीला एक पत्र आले. परदेशातील कुणी धनिक उपासक विहार, वसतिगृह आणि दवाखाना यांसाठी ५ कोटी रुपये दान देणार होता. वर 'नमो बुद्धाय', खाली रिझर्व्ह बँकेचा शिक्का. रक्कम सोडवून घेण्यासाठी आपण फक्त ४५ हजार रुपये अगोदर भरायचे होते.

खरे सांगतो, मी घरातला पहिला पदवीधर, शाळेत मुलांना हिशेब शिकवणारा. पण त्या रात्री मनात दवाखान्याच्या खाटा मोजत होतो. विहाराच्या छपरासाठी जमलेली वर्गणी तिकडे भरावी, असा विचारही सभेत निघाला. तेव्हा मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "गुरुजी, पैशे देणारो आधी आमच्याकडेच पैशे कित्याक मागता?" कुणालाच उत्तर देता आले नाही.

केसपुत्ताच्या कालामांना तथागतांनी सांगितले होते की, ऐकीव आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका. हा उपदेश आपण देवादिकांच्या कथांना लावतो; शिक्क्याच्या कागदाला लावायचे विसरतो. पुढे तथागतांनी त्यांना विचारले, लोभ माणसाच्या हिताचा की अहिताचा? अहिताचा, असे कालाम म्हणाले. आपण म्हणतो, आम्ही समाजासाठी घेतो, यात लोभ कसला? नेमकी इथेच फसगत होते. स्वतःसाठीची हाव माणसाला कळते तरी. समाजाच्या नावाने आलेली हाव त्याला करुणाच वाटते.

मग चौकशी केली. रिझर्व्ह बँक व्यक्तींची खाती ठेवत नाही, आणि अशा बनावट पत्रांविषयी तिने लोकांना वेळोवेळी सावध केले आहे. परदेशी देणगी घ्यायची तर २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याप्रमाणे केंद्रीय गृहखात्याकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीपासून ती रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच जमा व्हावी लागते. आमच्या कमिटीकडे यातले काहीच नाही. म्हणजे पैसा खरा असता, तरी तो घेऊन आम्हीच कायद्याच्या कचाट्यात सापडलो असतो!

मोठे दान कधी घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. पण खरा दाता आधी आपला जमाखर्च पाहायला मागतो. या पत्राने तो मागितलाच नव्हता. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेला पिण्याचे पाणीसुद्धा ४० रुपयांना विकत घ्यावे लागले होते. ती परिषद गावोगावच्या गरीब माणसांच्या वर्गणीवर उभी राहिली.

आम्ही दात्याचे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक विचारणारे पत्र पाठवले. उत्तर आले नाही. 'आज शेवटचा दिवस' असा फोन मात्र दोनदा आला. छपराच्या वर्गणीत मुंबईकर मंडळाचे पैसे अजून यायचे आहेत. आजींनी आपले ५० रुपये दिले आणि पावती मागून घेतली.