हट्टी पिल्लाजवळ बसताना

आज पिल्लाला काही शिकवायचं नाही. नुसतं त्याच्याजवळ बसायचं आहे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. फरशीवर मांडी घाला, खांदे सैल सोडा, हात मांडीवर उघडे राहू द्या. पिल्लू जवळ येईल, नाहीतर दारापाशी जाऊन बसेल. येऊ द्या, जाऊ द्या. श्वास सावकाश घ्या, त्याहून सावकाश सोडा.

आता त्याच्याकडे बघा. लातूर-सोलापूरकडून आणलेलं हे कारवानी जातीच्या कुत्र्याचं पिल्लू दोन महिन्यांचं आहे. लांबट तोंड, सडपातळ अंग, पातळ कातडी. याचे पूर्वज माळरानावर सशामागे धावायचे. शिकारी कुठेतरी मागे राहायचा. वळायचं कुठे, झेप कधी घ्यायची, हे कुत्र्याने एकट्यानेच ठरवायचं. हुकमाची वाट पाहत थांबेल त्याचा ससा निसटायचा. म्हणून स्वतःच्या मनाने वागणाऱ्या कुत्र्यांचीच पिल्लं माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली. आज आपण ज्याला हट्ट म्हणतो, तो आपल्याच माणसांनी जपलेला गुण आहे. हे मनात मुरू द्या. ‘ऐकतच नाही’ अशी तक्रार उमटली, तर तिच्याकडे बघा आणि पुढच्या श्वासाबरोबर सोडून द्या.

त्याचं वय आठवा. जन्मल्यावर दुसऱ्या आठवड्यात त्याचे डोळे उघडले. अमेरिकेत बार हार्बर इथे स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी पिल्लांच्या वाढीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९६५ मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्यापर्यंत पिल्लाचं मन नव्याला सर्वांत सहज आपलं म्हणतं. पुढे अनोळखी गोष्टींचा संशय वाढत जातो. म्हणजे हाताशी थोडेच आठवडे आहेत. त्याच्या कानांनी ऐकून बघा : कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न, फटकन उघडलेली छत्री. लसी पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर सोडता येत नाही, पण कडेवर घेऊन दारात उभं राहता येतं. ते अंग चोरू लागलं, तर दोन पावलं मागे या. धीर आला की पुन्हा पुढे जा.

कदाचित आत्ता ते तुमचं बोट चावत असेल. तोंडात २८ दुधाचे दात आहेत, सुईसारखे. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडू लागतील, हिरड्या शिवशिवतील. हात झटकू नका, त्याला तो खेळच वाटेल. हात स्थिर ठेवा, खेळ थांबवा, चावायला जाड दोरी द्या. भावंडांनीही त्याला हेच शिकवलं होतं : जोरात चावलं की खेळगडी उठून जातो. तुमच्या मनात राग आला असेल, तर तो शरीरात कुठे आहे ते पाहा. जबड्यात? मुठीत? तिथे श्वास न्या.

त्याचं नाव घ्या. एकदाच, हलक्या आवाजात. मग थांबा. मान वळली की त्याच क्षणी उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा द्या. बक्षीस लांबलं, तर कशाबद्दल मिळालं ते त्याला कळत नाही. तुकडा दिल्यावर त्याला पुन्हा खेळायला जाऊ द्या. हाक आली की खेळ संपतो, असं त्याने शिकू नये. आणि रागावण्यासाठी त्या नावाने कधीही बोलावू नका.

फरशी ओली झाली असेल, तर मुकाट्याने पुसा. मघाशी घडलेल्या गोष्टीचा संबंध आत्ताच्या ओरडण्याशी त्याला जोडता येत नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच बाहेर न्या, एवढंच पुरे. फार चिडचिड करत असेल, तर बहुधा त्याला झोप आली आहे. या वयात दिवसाचे अठरा-वीस तास झोपेतच जातात.

आता त्याने वर पाहिलं, तर मऊ नजरेने पाहा. जपानमधल्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांना २०१५ मध्ये आढळलं, की कुत्रा आणि त्याचं माणूस एकमेकांकडे पाहत राहिले, की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि बाळाच्या जिव्हाळ्यातही हेच संप्रेरक असतं. मात्र त्याची नजर धरून ठेवू नका. पंजाला, कानाला हळूच स्पर्श करा आणि त्याने अंग काढून घेण्याआधीच हात उचला. ते स्वतःहून टेकलं, तर हात राहू द्या.

उद्या शिकवायला बसाल, तेव्हा पाचच मिनिटं शिकवा आणि त्याला अजून हवं असतानाच थांबा. मार देऊन, साखळीला हिसके देऊन पिल्लू गप्प करता येतं, पण त्या गप्प बसण्यात भीती असते. स्वतःच्या मनाने वागणारं पिल्लू जेव्हा स्वतःच्या मनाने तुमच्याकडे येतं, तेव्हाच त्याचा तुमच्यावर विश्वास बसलेला असतो. म्हणून त्याची इच्छा मोडू नका. तुमच्याकडे यावंसं वाटेल, असं रोज वागा.