हातचं देताना

१९७४ साली दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेचे प्रयोग सुरू झाले. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक. व्यावसायिक नाट्यगृहाचा थाट तिथे नव्हता आणि त्याचीच पुढे ताकद झाली. अमोल पालेकरांनी बादल सरकारांचं ‘जुलूस’ तिथे केलं ते प्रेक्षकांच्या मधूनच. अशी मोकळीक ठरीव रंगमंचावर मिळाली नसती. त्या प्रायोगिक नाटकाच्या चळवळीबद्दल बोलताना आपण नाटककारांची, दिग्दर्शकांची, नटांची नावं घेतो. लेव्हल्स ठोकणारे, दिवे कुठून टाकायचे ते ठरवणारे, पोस्टर रंगवणारे मात्र आपल्या आठवणीत क्वचितच येतात. यातली कितीतरी माणसं दिवसभर नोकरी करून यायची, आणि पैशाच्या आशेने तर नक्कीच येत नव्हती.

आज गावोगावी अशा जागा आहेत. वाचनालयाच्या माडीवरचा चित्रांचा वर्ग, वस्तीतल्या समाजमंदिरात चालणारी नाटकाची तालीम, जुन्या वाड्यात सुरू झालेलं छोटं कलादालन. भाडं आणि वीजबिल भरता भरता त्यांचा जीव मेटाकुटीला येतो. आर्किटेक्टची किंवा ग्राफिक डिझायनरची फी हा विषयच तिथे निघत नाही. म्हणून एखादा डिझायनर आपण होऊन ‘मी करून देतो’ म्हणतो, तेव्हा मला फार बरं वाटतं. पण या देण्याला शिस्त लागते, आणि ती नसेल तर देणाऱ्यालाही त्यातून काही मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पोस्टरचंच बघा. संगणकाच्या पडद्यावर गडद निळ्यावर करड्या रंगाची बारीक अक्षरं सुरेख दिसतात. संस्था मात्र ते पोस्टर कोपऱ्यावरच्या दुकानातून काळं-पांढरं झेरॉक्स करून आणते आणि किराणा दुकानाच्या दारावर चिकटवते. तिथे प्रयोगाची वेळच वाचता येत नाही. ज्याने आधी ते झेरॉक्सचं दुकान बघितलं, तो जाड वळणाची अक्षरं घेईल, तारीख मोठी करेल, खाली हाताने लिहायला कोरी पट्टी सोडेल. आज ‘मुक्त’, ‘बलू’ यांसारखे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्यावर मिळतात, ते वापरेल. आणि पीडीएफवर न थांबता ओपन फाइल संस्थेच्या हवाली करेल, म्हणजे पुढच्या प्रयोगाची तारीख बदलायला कोणाला त्याच्या फोनची वाट बघावी लागणार नाही. हे शेवटचं अनेकांना जड जातं. आपल्या कामाला दुसऱ्याने हात लावू नये असं वाटणं स्वाभाविक आहे. पण दिलं म्हणजे दिलं.

गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घेत, रस्ते झाडत, आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. माणसं जिथे एकत्र बसणार ती जागा नीट करणं हा त्यांच्या लेखी सेवेचाच भाग होता. डिझायनरच्या कामाकडे मी त्याच नजरेने बघतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘पब्लिक आर्किटेक्चर’ या संस्थेने वास्तुरचनाकारांना एक साधं आवाहन केलं होतं: कामाच्या तासांतला १ टक्का समाजाला द्या. माणशी वर्षाला साधारण २० तास होतात. मला यातलं मोजमाप आवडतं. ‘सवडीने करू’ म्हणून घेतलेलं काम पैसे देणाऱ्या प्रत्येक कामाच्या मागे ढकललं जातं. त्यापेक्षा काय देणार, कधी देणार, किती वेळा बदल करणार हे कागदावर लिहावं. समोरच्याला ‘हे नको’ म्हणायची मोकळीक असावी. फुकट मिळालेल्या वस्तूला नाही म्हणणं आपल्याकडे फार अवघड असतं, म्हणून ती मोकळीक देणाऱ्यानेच आधी बोलून दाखवावी.

आणि ज्यांना परवडतं त्यांनी पैसे द्यावेत. नुकत्याच पास झालेल्या मुलांकडून ‘तुमचं नाव होईल’ म्हणत काम काढून घेणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. त्याला दान म्हणू नये.

माझ्या ओळखीतला एक तरुण आर्किटेक्ट एका शाळेच्या हॉलमध्ये नाटकवाल्यांसाठी बैठकीची व्यवस्था करून देत होता. टेप घेऊन तो प्रत्येक ओळीत बसून बघायचा. मागच्या ओळीतून नटाचे पाय दिसतात का, हा त्याचा पहिला प्रश्न. दिसत नव्हते. म्हणून त्याने मागच्या ओळींखालच्या फळ्या एकेक वीत उचलून घेतल्या, मधली वाट व्हीलचेअर जाईल इतकी रुंद केली, आणि बायकांना कपडे बदलायला मागच्या बाजूला आडोसा काढला. नकाशात हा आडोसा आधी नव्हताच. तालमीला येणाऱ्या मुलींनी सांगितल्यावर आला.

हे का करतोस, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “ऑफिसात मी फ्लॅट काढतो. त्यात कोण राहायला आलं, त्यांना स्वयंपाकघर पुरतं का, मला कधीच कळत नाही. इथे प्रयोग संपला की माणसं येऊन तोंडावर सांगतात काय चुकलं ते.” मग त्याने खिशातली यादी काढून दाखवली. जिन्याला कठडा अजून बसवायचा होता, आणि त्यासाठी पाइप कोण देईल याची तो चौकशी करत होता.