नसलेल्या फाइलच्या मागावर

टर्मिनल उघडा आणि अस्तित्वातच नसलेल्या एखाद्या फाइलचं नाव 'कॅट'ला द्या. 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असं उत्तर येईल. एरवी आपण स्पेलिंग दुरुस्त करून पुढे सरकतो. आज इथेच थांबू. हे वाक्य बोललं कोण?

लिनक्स कर्नलचा सोर्स कोड समोर घ्या. सर्वात वरच्या पातळीवर दोन डझनांच्या आसपास फोल्डर दिसतील. लगेच शोधायला लागू नका, नावं नुसती वाचा. आर्च, ब्लॉक, ड्रायव्हर्स, एफएस, एमएम, नेट. 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्सने पहिली आवृत्ती सोडली तेव्हा सगळा कोड दहा हजार ओळींच्या आसपास होता. एफएस आणि एमएम तेव्हाही होती. आज निम्म्याहून अधिक कोड एकट्या ड्रायव्हर्समध्ये आहे. तिकडे आपलं काम नाही. बघा, न शोधताच निम्मं रान मोकळं झालं.

आता ते वाक्य 'गिट ग्रेप'ला द्या. कामाची अशी एकच जागा सापडेल: चुकांचे क्रमांक नोंदवणारी एक हेडर फाइल. तिथे 'ईएनओईएनटी' या नावापुढे 2 हा आकडा आहे आणि आपलं वाक्य शेजारी टिपणीत आहे, म्हणजे यंत्र ते वाचतसुद्धा नाही. इथे जरा रेंगाळा. कर्नल फक्त वजा दोन परत करतो. त्या आकड्याला शब्द देते सी लायब्ररी, आणि तिचा सोर्स वेगळ्याच प्रकल्पात आहे. आपण एकाचं बोलणं समजत होतो, ते दोघांचं निघालं.

मग वजा दोन कुठून आला? 'एसट्रेस' लावला की कळतं, 'ओपनएट' या सिस्टिम कॉलमधून. त्याचं फंक्शन 'सिस_ओपनएट' या नावाने शोधा. घोषणा मिळेल, व्याख्या मिळणार नाही. वैतागू नका. व्याख्येत ते नाव सलग लिहिलेलंच नाही. 'सिस्कॉल_डिफाइन' हा मॅक्रो ते तुकड्यांतून जुळवतो. ग्रेपला दिसतात ती लिहिलेली अक्षरं. कंपाइल होताना घडणारं नाव त्याला कुठून दिसणार? याउलट, कर्नलच्या कोडिंग शैलीत एक नियम आहे: वापरणाऱ्याला दिसणारा संदेश ओळ लांबली तरी मध्ये तोडायचा नाही, कारण तोडला तर तो ग्रेपला सापडत नाही. कुणा अनोळखी माणसाला उद्या शोधावं लागेल, एवढ्यासाठी केलेला हा नियम मला साऱ्या शैलीपुस्तिकेत सर्वात मायाळू वाटतो.

व्याख्या एफएसमधल्या 'ओपन.सी'त आहे. तिथून एकेका फंक्शनचं बोट धरून हळूहळू 'नेमआय.सी'पर्यंत या. माथ्यावर टोरवाल्ड्सचं नाव आणि 1991, 1992 ही सालं आहेत. आपण शोधत आलो, आणि पोचलो ते शोधणाऱ्या कोडपाशीच! तो पूर्ण पाथ एका झेपेत घेत नाही. आधी गाव, मग आळी, मग घर, असा पत्ता विचारत जावा तसा प्रत्येक तिरक्या रेघेपाशी थांबतो: हे नाव या डिरेक्टरीत आहे का? इथे येण्याची परवानगी आहे का? ही सिमलिंक तर नाही? शेवटचं नाव मिळालं नाही, की वजा दोन.

आणि ते 'नाही' तो सहसा विसरत नाही. नसलेल्या नावाचीही नोंद मेमरीत राहते. तिला 'निगेटिव्ह डेंट्री' म्हणतात. पुन्हा तोच प्रश्न आला तर डिस्क न चाळता उत्तर मिळतं. प्रोग्राम सुरू होताना एखादी लायब्ररी कधी कधी अनेक ठिकाणी शोधतो आणि बहुतेक ठिकाणी ती नसते. ते सारे नकार रोज नव्याने शोधावे लागले असते तर?

वाटल्यास आणखी एक पाऊल. 'गिट ब्लेम' लावा. कुठली ओळ कुणी, कधी लिहिली ते उलगडतं. पण बऱ्याच जुन्या ओळी एप्रिल 2005 मधल्या एकाच नोंदीपाशी येऊन अडतात. गिट तेव्हाच जन्माला आलं आणि टोरवाल्ड्सने मागचा इतिहास त्यात ओतला नाही. त्याआधीचं पाहायचं तर इतरांनी जुळवलेली जुन्या इतिहासाची रिपॉझिटरी वेगळी उतरवून घ्यावी लागते.