दोन आयतालेख आणि भेदाचे अधिष्ठान

दोन वस्तूंमधील भेद त्या वस्तूंतच असतो, की त्यांना एकत्र पाहणाऱ्याच्या बुद्धीत उत्पन्न होतो, हा भारतीय दर्शनांतील अतिशय चिवट वाद आहे. न्यायदर्शनाने भेदाला अन्योन्याभाव मानले, म्हणजे ‘घट हा पट नव्हे’ या ज्ञानाचा विषय होणारा अभाव. आणि ज्याचा अभाव सांगायचा तो प्रतियोगी व ज्याच्या ठायी सांगायचा तो अनुयोगी, अशी त्याची दोन टोके ठरवली. मंडनमिश्रांनी ‘ब्रह्मसिद्धी’त असा आक्षेप घेतला की प्रत्यक्ष ज्ञान वस्तूचे केवळ विधान करते, निषेध करीत नाही, म्हणून भेद हा प्रत्यक्षाचा विषयच होऊ शकत नाही. उलट तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी भेद हे वस्तूचे स्वरूपच होय असे प्रतिपादन केले. संगणकावर दोन आलेख एकमेकांवर ठेवून त्यांतील फरक रंगाने उठावदार करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञालाही, त्याने ही नावे ऐकलेली नसली तरी, याच प्रश्नाला सामोरे जावे लागते.

आयतालेख, म्हणजेच हिस्टोग्राम, मोजमापांचा विस्तार लहान वर्गांत विभागतो आणि प्रत्येक वर्गात किती मोजमापे पडली, म्हणजे त्याची वारंवारता किती, हे उभ्या आयताने दाखवतो. ‘आर’ या संगणकभाषेसोबत आयरिस फुलांची जी प्रसिद्ध सारणी येते तिच्यात तीन जातींची प्रत्येकी ५० फुले आहेत. एडगर अँडरसन यांनी गोळा केलेली ही मोजमापे रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये आपल्या लेखात वापरली. तीत व्हर्सिकलर जातीच्या पाकळीची लांबी ३.० ते ५.१ सेंटिमीटर, तर व्हर्जिनिकाची ४.५ ते ६.९ सेंटिमीटर आहे. पहिल्या जातीचा आयतालेख निळा, दुसरीचा तांबडा आणि दोन्ही अर्धपारदर्शक काढले, की मधल्या भागात जांभळा रंग आपोआप उमटतो. त्याची उंची त्या वर्गातील दोन वारंवारतांपैकी लहान वारंवारतेइतकी असते आणि तिच्या वर उरलेला निळा किंवा तांबडा भाग हाच फरक.

मात्र हा फरक दिसण्यासाठी दोन्ही आलेखांच्या वर्गसीमा एकच असाव्या लागतात, आणि समूह लहानमोठे असतील तर वारंवारतेऐवजी प्रमाण घ्यावे लागते. भेदालाही समान अधिष्ठान लागते, हे दर्शनकारांना ठाऊक असलेले तत्त्व येथे तांत्रिक अट होऊन येते. शिवाय एका आलेखातून दुसरा वजा केला की प्रतियोगी कोण आणि अनुयोगी कोण हे ठरवणे भाग पडते, कारण वजाबाकीची दिशा बदलताच चिन्ह बदलते आणि त्यासोबत रंगही.

याहून खोल अडचण वर्गांची आहे. ४.५ पासून ५.० पर्यंतचा वर्ग घेताना ४.५ धरले व ५.० वगळले, तर त्यात व्हर्सिकलरची १९ आणि व्हर्जिनिकाची ६ फुले येतात, म्हणजे फरक १३, पण ४.५ वगळून ५.० धरले, जी ‘आर’ची नेहमीची पद्धत आहे, तर १३ आणि ८ फुले येतात व फरक अवघा ५ उरतो. एकही पाकळी वाढली वा आखूड झाली नाही, तरी फरक निम्म्याहूनही खाली आला. वर्ग हा येथे अद्वैत्यांच्या परिभाषेत उपाधी आहे, म्हणजे वस्तूवर स्वतःचा धर्म आरोपित करणारी बाह्य अट, आणि मंडनमिश्रांचा आक्षेप इथवर बिनतोड ठरतो. परंतु नेमक्या ४.८ सेंटिमीटर लांबीची दोन्ही जातींची दोन-दोन फुले सारणीत आहेत. तेथे वजाबाकी शून्य येते, तरीही ती चार फुले एकच होत नाहीत. मध्वांचा स्वरूपभेद आलेखाच्या पलीकडे, प्रत्येक फुलापाशी, अबाधित राहतो. रंगाने दिसतो तो समूहांचा भेद, आणि तो व्यक्तींवर लादणे ही ज्ञानाची चूक तर आहेच, परंतु माणसांच्या बाबतीत ते अन्यायाचेही मूळ ठरले आहे.

फिशर यांचा तो लेख सुप्रजननशास्त्राला वाहिलेल्या ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकात आला होता, हे येथे विसरता येत नाही. त्याच्या काही वर्षे आधी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या दुसऱ्याच, वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली इरावती कर्वे मानवी कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतील विषमता मोजत होत्या. ही विषमता वंशानुसार बदलते असे मार्गदर्शकाचे गृहीतक होते. कर्वे यांच्या मोजमापांत तसा संबंध आढळला नाही आणि त्यांनी आपल्या प्रबंधात तेच लिहिले. अपेक्षित भेद न सापडणे हाही शोधच असतो, आणि तो मांडायला त्या काळी, त्या संस्थेत, असामान्य सचोटी लागली असली पाहिजे.

म्हणूनच समाईक भाग पुसून केवळ फरकाचे स्तंभ भडक रंगात दाखवण्याची रीत अपुरी मानली पाहिजे. फरकाचा आलेख अवश्य काढावा, पण मूळ दोन आयतालेखांच्या खाली, त्याच मापप्रमाणावर; जांभळा भाग तसाच ठेवावा; आणि वर्गांची रुंदी व सीमा दोन-तीन प्रकारे बदलल्यावर फरक कितपत टिकतो, हे त्याच पानावर वाचकाला दिसू द्यावे.